मुलांची रेस्पाइट निवासगृहे, इंग्लंड : नोंदणी व इमारत

दिव्यांग मुलाची रात्रंदिवस निगा राखणाऱ्या आईवडिलांना उसंत मिळावी, म्हणून मुलाला मोजके दिवस ठेवून घेणारी निवासगृहे. इंग्लंडमध्ये या सोयीला ‘शॉर्ट ब्रेक’ म्हणतात. ती शक्य तितकी पुरवणे हे २०११ च्या नियमांनुसार स्थानिक परिषदांचे कर्तव्य आहे.

केअर स्टँडर्ड्स ॲक्ट, २००० प्रमाणे असे घर बहुधा ‘चिल्ड्रन्स होम’ ठरते. ऑफस्टेड या तपासणी संस्थेकडे नोंदणी न करता ते चालवणे गुन्हा आहे. संस्थेची आणि व्यवस्थापकाची नोंदणी वेगवेगळी होते. कोणत्या वयाची, कोणत्या गरजांची किती मुले येणार हे उद्देशपत्रात लिहावे लागते आणि इमारत योग्य की अयोग्य हे त्याच्याशी ताडून ठरते. मुक्काम किती दिवसांचा, यालाही महत्त्व आहे. एका वेळी १७ दिवसांहून अधिक नाही आणि वर्षाला एकूण ७५ दिवसांच्या आत असेल, तर देखरेखीचे नियम सौम्य होतात. ही सवलत रास्त आहे, कारण मूल घरचेच असते आणि घरीच परतणार असते.

२०१५ च्या चिल्ड्रन्स होम्स नियमांत खोल्यांच्या चौरस फुटांचा तक्ता नाही. इमारतीची खरी कसोटी रात्रीच्या आगीची. चालता न येणाऱ्या मुलाला पलंगावरून उचलून बाहेर न्यायचे, तर रुंद दरवाजे आणि आगरोधक दारे पुरत नाहीत. जागे कर्मचारी किती, हेही आगीच्या जोखमीच्या आढाव्यात धरावे लागते. शिवाय दर आठवड्याला त्याच पलंगावर वेगळे मूल असते, म्हणून हा आढावा एकदा करून फाइलला लावून चालत नाही. मुलांना उचलणाऱ्या होइस्टची सक्षम व्यक्तीकडून सहा महिन्यांनी तपासणी होते. आंघोळीचे पाणी ४४ अंश सेल्सिअसवर जाऊ नये, अशी मार्गदर्शक सूचना आहे. बोलता न येणारे मूल चटका सांगू शकत नाही.

भारतात अशा निवासासाठी स्वतंत्र इमारत-नियमावली असायला हवी. नॅशनल ट्रस्ट या दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या ‘समर्थ’ योजनेत अल्पकालीन निवासाची तरतूद आहे आणि दिव्यांग हक्क कायदा, २०१६ प्रमाणे दिव्यांगांसाठीच्या संस्थांना नोंदणी प्रमाणपत्र लागते. बाल न्याय आदर्श नियम, २०१६ मध्ये शयनगृहात मुलामागे ४० चौरस फूट जागा सांगितली आहे, पण ते नियम काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या आणि कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांच्या संस्थांसाठी आहेत. आईवडील असलेले, दोन रात्रींसाठी आलेले मूल त्यांच्या चौकटीत नीट बसत नाही.