गाळ साठायला खड्डा लागतो

महाराष्ट्रात विहीर खणायची म्हणजे आधी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ, हे जवळजवळ ठरलेलंच. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात मात्र बोअर मारताना चिकणमाती, वाळू, गोटे, पुन्हा चिकणमाती असंच वर येत राहतं. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात हा गाळ काही ठिकाणी 300 मीटरहूनही खोल आहे.

एवढा गाळ इथंच का? पुरात गढूळ तर भीमाही होते. पण गाळ नुसता येऊन भागत नाही, त्याला राहायला जागा हवी. दख्खनच्या बहुतेक नद्या कातळ कोरत वाहतात. आणलेलं बरंचसं पुढे नेतात आणि काठाला थोडंफार सोडतात. सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र भूकवचात मोठे भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगा, आहेत. त्यांच्या दक्षिणेची जमीन खचत गेली आणि नद्या ती भरत राहिल्या. आज वरून सपाट दिसणारं हे मैदान म्हणजे बुजलेला खड्डाच आहे.

भरणही कसंही झालेलं नाही. डोंगरातून धावत आलेल्या नाल्याचा जोर सपाटीवर ओसरतो. मग तो आधी गोटे टाकतो, पुढे रेती. बारीक चिकणमाती संथ पाण्यासोबत दूर जाऊन बसते. पायथ्याच्या गोटाड पट्ट्याला भूशास्त्रज्ञ 'बझाडा' म्हणतात. तिथं पावसाचं पाणी झपाट्यानं मुरतं आणि वाळूच्या थरांतून खालच्या विहिरींना मिळतं. खानदेशच्या केळीचं कौतुक करताना या गोट्यांचं नाव कुणी घेत नाही! उपसा इतका वाढलाय, की पाण्याची पातळी मात्र खोल चाललीय.

सुपीकतेचं कारण मूळ खडकातही आहे. बेसाल्ट झिजून आलेल्या या मातीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर. नत्र मात्र बेताचंच, ते बाहेरून द्यावं लागतं. तिच्यातली चिकणमाती पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. थर खोल, त्यामुळे मुळांना आडकाठी नाही.

गाळ म्हणजे सोनंच, असं मात्र नाही. पूर्णेकाठी अकोला, अमरावती, बुलढाण्यात खारपाणपट्टा आहे. घट्ट चिकणमातीतून निचरा होत नाही, क्षार धुऊन जात नाहीत, विहिरीचं पाणी खारट लागतं. ते शेताला दिलं तर जमीनच चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होते. म्हणून तिथला शेतकरी पायाखाली पाणी असूनही हरभरा पावसाच्या ओलीवर काढतो आणि शेततळ्यात गोडं पाणी साठवतो.