माऊस पोचण्याआधी चित्र पोचवायचं कसं?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बनलेल्या बहुतेक वेबसाइट्सना एक हौस असायची. डाव्या हाताला बटणांची रांग आणि माऊसचा बाण बटणावर नेला की ते उजळायचं, रंग बदलायचं, कधी दाबल्यासारखं आत जायचं. बटण म्हणजे खरं तर चित्रच. एक साधं आणि एक उजळलेलं, अशा दोन फाइली. बाण आला की जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी भाषा पहिलं चित्र काढून त्या जागी दुसरं ठेवायची, बाण गेला की पुन्हा पहिलं. त्याला 'रोलओव्हर' म्हणत.

गंमत अशी की पहिल्या खेपेला ही युक्ती हमखास फसायची. बाण बटणावर जायचा आणि काहीच व्हायचं नाही. दोन-तीन सेकंदांनी, वाचक कंटाळून दुसरीकडे वळत असताना, बटण उजळायचं. दुसऱ्यांदा मात्र सगळं झटक्यात.

कारण सरळ आहे. वेबपानाच्या एचटीएमएल फाइलमध्ये सहसा चित्र नसतं, चित्राचा पत्ता असतो. ही पद्धत मार्क अँड्रीसन यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये सुचवलेल्या 'आयएमजी' टॅगपासूनची (टॅग म्हणजे एचटीएमएलमधली खूण). त्याच वर्षी त्यांच्या मोझॅक ब्राउझरमध्ये मजकुराच्या मधोमध चित्रं दिसू लागली. ब्राउझर पान वाचत जातो, जिथे पत्ता दिसेल तिथे सर्व्हरकडे ती फाइल मागतो. साध्या बटणाचा पत्ता पानावरच लिहिलेला असतो, म्हणून ते येतं. उजळलेल्या बटणाचा पत्ता मात्र जावास्क्रिप्टच्या पोटात. असं काही चित्र आहे याचा ब्राउझरला पत्ताच नसतो, बाण बटणावर येईपर्यंत. मग मागणी, मग वाट पाहणं. २८.८ किलोबिटच्या मोडेमवर सेकंदाला फार तर ३.६ किलोबाइट यायचे, म्हणजे दहा किलोबाइटच्या बटणाला जवळजवळ तीन सेकंद. भारतात विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हा तर घरच्या फोनवरून डायल करून बसावं लागे, आणि तेवढा वेळ फोनचं मीटरही पळत असे.

यावरचा उपाय १९९६ मध्ये नेटस्केप ३ या ब्राउझरबरोबर आला. त्यातल्या जावास्क्रिप्टमध्ये 'न्यू इमेज' असं लिहून पानावर कुठेही न दिसणारं, फक्त स्मृतीत असलेलं एक कोरं चित्र तयार करता येऊ लागलं. त्याच्या 'एसआरसी' या गुणधर्मात फाइलचा पत्ता लिहायचा. झालं, एवढंच. दोन ओळी.

या दुसऱ्या ओळीचं मला अजून कौतुक वाटतं. दिसायला ती साधी नोंद आहे, एका चलाला एक मूल्य दिलं, बस. पण त्या नोंदीचा परिणाम म्हणून ब्राउझर नेटवर्कवर फाइल आणायला निघतो. 'आण', 'उघड', 'सुरू कर' असा कुठलाही हुकूम न देता. चित्र येऊन ब्राउझरच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पडून राहतं. पुढे बाण आल्यावर बटण तोच पत्ता मागतं आणि ब्राउझर सर्व्हरकडे न जाता साठ्यातली प्रत काढून देतो. पत्ता मात्र अक्षरशः तोच हवा. शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडला तरी ब्राउझरच्या लेखी ते वेगळं चित्र, आणि आधी आणलेलं वाया. 'ही फाइल साठवू नको' असं सर्व्हरनंच बजावलं असेल तरीही हीच गत होऊ शकते.

विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ३ला ही सोय ठाऊक नव्हती, त्यामुळे आधी ब्राउझरला ती येते का हे तपासून मगच पुढच्या ओळी चालवायचा रिवाज पडला. नंतर मॅक्रोमीडियाचं वेबसाइट बनवण्याचं सॉफ्टवेअर ड्रीमवीव्हर हे सगळं आपणहून लिहून देऊ लागलं. जुन्या साइटचा सोर्स उघडला आणि 'एमएम'ने सुरू होणारी 'प्रीलोडइमेजेस' किंवा 'स्वॅपइमेज' अशी नावं दिसली, तर तो कोड बहुधा कुणी हातानं लिहिलेला नाही, ड्रीमवीव्हरनं ओतलेला आहे.

आता घरोघरी फायबर आहे, मग ही उठाठेव कशाला? कारण रुंद वायरनं अंतर कमी होत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन येऊन पंचवीस हजार, म्हणजे १२५ मिलिसेकंद, तेही केबल नाकासमोर सरळ गेली तर. समुद्राखालची केबल तशी जात नाही. शिवाय सर्व्हरशी पहिल्यांदा बोलायचं तर एक फेरी नुसता संपर्क जोडण्यात जाते, दुसरी कूटबद्ध जोडणी ठरवण्यात आणि तिसऱ्या फेरीला चित्राची मागणी. सर्व्हरचं नाव शोधण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. पावणेचारशे मिलिसेकंद असे गेले आणि चित्राचा पहिला बाइट आत्ता कुठे हाती येतो. माणसाला एखादी गोष्ट 'लगेच' झाली असं वाटायला ती साधारण १०० मिलिसेकंदांच्या आत व्हावी लागते. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये लोकप्रिय केलेला हा आकडा आजही धरला जातो. मोठ्या साइट आपल्या चित्रांच्या प्रती मुंबई-चेन्नईतल्या सर्व्हरवर आणून ठेवतात ते यासाठीच. तरीही मोबाइल नेटवर्कवर शंभराची मर्यादा सहज ओलांडली जाते.

म्हणजे प्रीलोडनं, चित्र असं आधीच आणून ठेवल्यानं, इंटरनेट वेगवान होत नाही. वाट पाहण्याची वेळ तेवढी बदलते: वाचक दुसरं काही वाचण्यात गुंतलेला असताना ती उरकून घ्यायची. पंगतीत पानातला भात संपायच्या बेतात असताना मुरलेला वाढपी जसा मठ्ठ्याचं भांडं घेऊन जवळ येतो, तसं. त्याला पुढे काय लागणार ते माहीत असतं. वेबपानाला ते माहीत नसतं, अंदाज करावा लागतो.

फोटोंच्या गॅलरीत हा अंदाज सोपा. वाचक चौथ्या फोटोवर असेल तर पाचवा आणून ठेवावा, फार तर सहावा. मागचा साठ्यात आहेच. साठ फोटोंचा अल्बम उघडताक्षणी साठही फोटो मागवणारे प्रोग्रॅमर मात्र आजही भेटतात. हेतू चांगला असतो, पण त्यामुळे डोळ्यासमोरचा फोटोच उशिरा येतो, कारण सगळे एकाच वायरीतून यायला धडपडत असतात. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या जुन्या नियमांत, एचटीटीपी १.१ मध्ये, तर ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी सहाच जोडण्या ठेवतो, बाकीचे रांगेत. म्हणून पान पूर्ण चढल्याची 'लोड' घटना घडू द्यावी, मगच पुढच्या चित्रांना हात घालावा. आणि वाचक तिसऱ्या फोटोवर कंटाळून निघून गेला, तर उरलेल्या सत्तावन्न फोटोंचा डेटा त्याच्या पॅकमधून गेलेला असतो, आपल्या नाही. क्रोममध्ये वाचकानं डेटा वाचवण्याची सेटिंग लावली आहे का हे जावास्क्रिप्टला विचारता येतं. विचारावं.

फाइल आली तरी चित्र तयार नसतं, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जेपेग म्हणजे दाबून बसवलेलं चित्र. पडद्यावर दाखवायचं तर ते उलगडून प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा मांडावा लागतो. चार हजार बाय तीन हजार ठिपक्यांचा फोटो फाइल म्हणून चार-पाच मेगाबाइटचा असेल, पण ठिपके सव्वा कोटीच्या जवळ, आणि प्रत्येकाला चार बाइट. उलगडल्यावर तो स्मृतीत ४८ मेगाबाइट खातो. हे काम ब्राउझर शक्यतो चित्र रंगवायच्या क्षणापर्यंत लांबवतो. त्यामुळे 'ऑनलोड' झालं, म्हणजे फाइल आल्याची वर्दी मिळाली, तरी बोटानं फोटो सरकवल्यावर स्वस्त फोन क्षणभर अडखळतो. यासाठी इमेजला 'डिकोड' नावाची सोय आहे. ती चित्र उलगडून तयार करते आणि झालं की कळवते, मग अदलाबदल करायची. पण डिकोडही एका वेळी एकाच चित्राचं मागावं. दहा फोटोंचं मागितलं की अर्धा जीबी स्मृती त्यातच जाते, आणि ब्राउझर बहुधा त्यातले काही गुपचूप टाकूनही देतो.

मूळ दुखणं, म्हणजे बटणांचं, केव्हाच दुसऱ्या वाटांनी मिटलं. २००४च्या सुमारास दोन्ही अवस्था एकाच फाइलमध्ये शेजारी-शेजारी ठेवून, त्यातला हवा तेवढा भाग खिडकीतून दाखवावा तसा दाखवायची पद्धत रूढ झाली. व्हिडिओ गेमवरून तिला 'स्प्राइट' नाव पडलं. आता तर सीएसएस (पानाचं रंगरूप ठरवण्याचं तंत्र) स्वतःच बटणाचा रंग बदलतं, चित्र लागतच नाही.

आणि पानावरचं पहिलं, सगळ्यात मोठं चित्र लवकर यावं म्हणून जावास्क्रिप्ट वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्राउझरमध्ये एक टेहळ्या असतो. मुख्य काम एखाद्या स्क्रिप्टपाशी अडलं तरी तो एचटीएमएलमध्ये पुढे पळत जाऊन चित्रांचे पत्ते हेरतो आणि मागणी नोंदवून ठेवतो. पत्ता जावास्क्रिप्टमध्ये लपवला की त्याला तो दिसत नाही. आधी स्क्रिप्ट यायची, मग चालायची, मग कुठे चित्र मागितलं जायचं. तिथे साधा टॅगच बरा. चित्र सीएसएसमध्ये दडलेलं असेल तर एचटीएमएलच्या माथ्यावर 'लिंक' टॅगमध्ये 'प्रीलोड' लिहावं. क्रोममध्ये ही सोय २०१६ पासून आहे. जावास्क्रिप्टची जागा पुढच्या पायरीला, वाचक काय करतो ते पाहून ठरवायच्या गोष्टींना.

'लिंक' टॅगनं मागवलेलं चित्र पान चढल्यावर काही सेकंदांत वापरलं गेलं नाही, तर क्रोम कन्सोलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमरसाठीच्या नोंदींच्या चौकटीत, तशी तक्रार नोंदवतो. 'न्यू इमेज'नं मागवलेल्या चित्रांबद्दल तो चकार शब्द काढत नाही. ती किती आली आणि त्यातली किती कुणी पाहिली, हे नेटवर्क टॅब उघडून आपणच मोजायचं.