सुरळीतली अळी की पान गुंडाळणारी?

भाताच्या पानांवर पांढरे चट्टे दिसले की "अळी पडली" म्हणायचं आणि पंप पाठीला लावायचा, ही आपली सवय. पण कुठली अळी? घोळ नावापासूनच आहे. एक सुरळीतली, दुसरी पान गुंडाळणारी. पान गुंडाळलं की सुरळीच होणार ना! दोघीही पतंगांच्याच अळ्या, एकाच क्रॅम्बिडी कुळातल्या, तरी राहणी अगदी वेगळी.

सुरळीतली अळी (पॅरापॉयनिक्स स्टॅग्नॅलिस) पाण्यातली आहे. पतंगाची अळी आणि पाण्यात, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तिच्या हिरवट अंगाच्या दोन्ही बाजूंना धाग्यांसारखे बारीक कल्ले असतात. त्यांच्यातून ती पाण्यातला प्राणवायू घेते. पानाचा शेंडा कात्रीने कापावा तसा कापून ती त्याची नळी करते, आतून रेशमाचं अस्तर लावते आणि ही ओलसर नळी अंगावर घेऊनच हिंडते. नळ्या खाचरात तरंगतात, वाऱ्याने एका कोपऱ्यात गोळा होतात. ती पानातला हिरवा भाग खरवडते आणि मागे शिडीच्या पायऱ्यांसारखे पांढरे पट्टे उरतात. हा सगळा खेळ लावणीनंतर फुटवे येईपर्यंतचा.

पान गुंडाळणारीचा पाण्याशी काही संबंध नाही. ती पान कापत नाही. रोपावरच्याच पानाच्या दोन्ही कडा रेशमाने टाचते आणि आत बसून खरवडते. तिचे पांढरे पट्टे पानाच्या लांबीने जातात. गुंडाळी उलगडून अळीला बोट लावा, लगेच वळवळते. युरिया जास्त पडलेल्या, काळ्याभोर हिरव्या शेतात ती हमखास. पीक पोटरीत, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात, असताना लोंबीखालचं शेवटचं पान तिने खाल्लं तर दाणा भरत नाही, म्हणून खरी धास्ती हिचीच. सुरळीतलीने खाल्लेलं कोवळं रोप बहुतेकदा नवी पानं काढून सावरतं.

पतंगही वेगळे. पहिलीचा पांढराशुभ्र, त्यावर फिकट तपकिरी ठिपके. दुसरीचा सोनेरी पिवळा, पंखांवर गडद नागमोडी रेघा. रात्री दिव्यावर दोन्ही येतात.

हे ओळखायचं कशासाठी, तर उपायासाठी. सुरळीतली असेल तर दोघांनी दोन बांधांवर उभं राहून पिकावरून दोर ओढायचा. नळ्या पाण्यात पडल्या की खाचराचं पाणी काढून टाकायचं आणि दोन-तीन दिवस कोरडं ठेवायचं. पाण्याशिवाय ती जगत नाही. फक्त कोकणातल्या उतरत्या खाचरांत एक भान हवं. वरचं पाणी तसंच खाली सोडलंत, तर सुरळ्याही शेजाऱ्याच्या भातात सोडल्यात. तोंडाशी जाळी लावा, अडकलेल्या नळ्या गोळा करून नष्ट करा. पान गुंडाळणारीला मात्र पाणी काढल्याने काहीच होत नाही. तिथे युरियाचा पुढचा हप्ता आधी थांबवा.