सदोष सुटे भाग (डेस्कटॉप जोडणीतले)

सुटे भाग घेऊन डेस्कटॉप कॉम्प्युटर असेंबल करताना एखादा भाग पहिल्यापासूनच मेलेला निघणं, किंवा थोडे दिवस चालून बंद पडणं, आणि तो भाग नेमका कुठला हे हुडकून बदलून घेणं, हा या नोंदीचा विषय. खोक्यातून काढल्यावर चालूच न होणाऱ्या भागाला व्यवहारात डीओए म्हणतात, बदलून घ्यायच्या रीतसर प्रक्रियेला आरएमए. यातच एक तिसरा प्रकार मिसळलेला असतो आणि तो वेगळा काढणं फार गरजेचं आहे, तो म्हणजे भाग धडधाकट असतो पण जोडणीत किंवा जुळणीत चूक असते, उदा. मदरबोर्डचं बायोस (बोर्डावरच साठवलेलं, मशिन सुरू करणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरपेक्षा जुनं असणं, प्रोसेसरची आठ पिनांची पॉवर वायर लावायचीच राहणं, रॅम चुकीच्या स्लॉटमध्ये असणं, किंवा कॅबिनेटमध्ये नको तिथे राहिलेला एखादा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा धातूचा खुंट) बोर्डाला मागून टेकून शॉर्ट होणं. हे सगळं बाहेरून सारखंच दिसतं, पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. परत गेलेले बरेच भाग कंपनीच्या टेस्टमध्ये ठीक निघतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

सुरुवातीलाच भाग का जातात : याचं नेहमीचं उत्तर म्हणजे बाथटब कर्व्ह. सुरुवातीला बिघाडाचं प्रमाण जास्त, मग बराच काळ कमी आणि सपाट, शेवटी झिजेमुळे परत वाढतं, म्हणून आलेख आंघोळीच्या टबासारखा दिसतो. या कर्व्हचं मूळ कुठलं यावर एकमत नाही. काही लेखक ते माणसांच्या आयुर्मानाच्या कोष्टकांपर्यंत मागे नेतात आणि त्यात एडमंड हॅलीचं १६९३ चं ब्रेस्लाऊ शहराचं कोष्टक हमखास दाखवतात. दुसरा गट म्हणतो की यंत्रांसाठी ही कल्पना खऱ्या अर्थाने रुजली ती साधारण १९५० च्या दशकात, जेव्हा लष्करी इलेक्ट्रॉनिक सामान सारखं बिघडत होतं म्हणून अमेरिकेत १९५२ मध्ये एग्री नावाचा सल्लागार गट नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९५७ ला आला. मधे १९५१ ला वायबुलचा संख्याशास्त्रीय पेपरही आला होता, ज्याच्या सूत्रात कर्व्हचे तिन्ही तुकडे वेगवेगळे मांडता येतात. आयुर्मानाच्या कोष्टकांशी आकाराचं साम्य आहे हे खरं, पण इलेक्ट्रॉनिक सामानापुरतं बोलायचं तर दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे.

कर्व्ह खरा किती हाही वादाचाच मुद्दा. नोलन आणि हीप यांच्या १९७८ च्या विमान-देखभालीवरच्या अहवालात पूर्ण टबासारखा आकार फक्त ४ टक्के भागांत दिसला, उलट ६८ टक्के भागांत सुरुवातीचा चढ होता आणि पुढे सपाटी. ते विमानाचे भाग होते, कॉम्प्युटरचे नाही, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. पण सुरुवातीचा काळ धोक्याचा ही गोष्ट तिथेही टिकली. हार्ड डिस्कच्या बाबतीत २००७ मध्ये एकाच परिषदेत दोन मोठे अभ्यास मांडले गेले आणि दोघांचा सूर जुळला नाही. कार्नेगी मेलनच्या श्रोडर आणि गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कची माहिती बघितली आणि त्यांना सुरुवातीच्या बिघाडाचा ठळक चढ दिसलाच नाही, उलट झीजच अपेक्षेपेक्षा लवकर सुरू होते असं दिसलं. कंपनीच्या कागदावर वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के बिघाड लिहिलेला आणि प्रत्यक्षात बदललेल्या डिस्क सर्रास २ ते ४ टक्के, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. गूगलच्या अभ्यासात मात्र, जिथे डिस्क लाखाच्या वरच होत्या, अगदी नव्या डिस्कवर कामाचा ताण जास्त असेल तर बिघाड स्पष्टपणे जास्त आढळला. दोन्ही खरं असू शकतं, कारण पहिल्या अभ्यासाने बदललेल्या डिस्क मोजल्या आणि बदललेली प्रत्येक डिस्क बिघडलेलीच असते असं नाही. पण घरी जोडणाऱ्यासाठी गूगलचा निष्कर्ष जास्त कामाचा, कारण त्यातून एक सरळ सवय निघते की नवीन मशिनला पहिल्या काही दिवसांतच भरपूर राबवायचं, म्हणजे जे जायचंय ते परत करायच्या मुदतीतच जाईल.

कपॅसिटरचं प्रकरण : साधारण १९९९ ते २००७ या काळात (सुरुवात आणि शेवट दोन्ही ढोबळ धरावे) असंख्य मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायवरचे ॲल्युमिनियम कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डब्या) वर्ष-दोन वर्षांत फुगून फुटायला लागले. पाण्याचं प्रमाण जास्त असलेलं इलेक्ट्रोलाइट (डबीतला वाहक द्रव) स्वस्त आणि कमी रोधाचं असतं, पण योग्य ती रसायनं मिसळली नाहीत तर पाणी ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करून हायड्रोजन वायू सोडतं आणि डबी आतून फुगते, इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो हे घडलं कसं यावर. २००२-०३ च्या सुमारास व्यापारी आणि तांत्रिक मासिकांतून पसरलेली कथा अशी की एका जपानी कंपनीतला संशोधक चीनमधल्या कंपनीत गेला, तिथे त्याने फॉर्म्युला परत बनवला, तिथून सहकाऱ्यांनी तो तैवानला नेला आणि नेताना अर्धवट नेला, नेमकी संरक्षक रसायनं राहून गेली. कथा झटकन पटते, म्हणून ती अजूनही सगळीकडे सापडते. पण एकाच चोरलेल्या फॉर्म्युल्याने एवढे वेगवेगळे उत्पादक एकाच वेळी कसे अडकले हे त्यातून नीट सुटत नाही, आणि जपानी बनावटीच्या काही मालिकाही त्याच वर्षांत फुगल्या होत्या. त्यामुळे घाईघाईने स्वस्त केलेलं आणि पुरेसं न तपासलेलं इलेक्ट्रोलाइट हे साधं कारणच सावधपणे पुढे ठेवावं, चोरीची कथा शक्यता म्हणून असू द्यावी. नुकसान किती झालं याचा अंदाज डेलच्या एका नोंदीवरून येतो, कंपनीने २००५ मध्ये ऑप्टिप्लेक्स मशिनच्या दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. आजच्या बोर्डांवर बहुतेक ठिकाणी घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात, म्हणून फुगलेली डबी शोधायचा जुना सल्ला आता मुख्यतः जुन्या बोर्डांना आणि पॉवर सप्लायलाच लागू पडतो.

एका नगाचा दोष आणि डिझाइनचा दोष : हा फरक न केल्यामुळे लोकांचे महिने जातात. एखादा नग खराब असेल तर तसाच दुसरा आणून प्रश्न मिटतो, पण दोष डिझाइनमध्येच असेल तर बदलून आलेला नगही तेच करणार. १९९४ मध्ये पेंटियम प्रोसेसरचा भागाकार काही ठराविक आकड्यांना चुकतो हे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी उघड केलं, शेवटी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवून प्रोसेसर बदलून द्यावे लागले. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलनेच जाहीर केलं की ६ सिरीज चिपसेटचे ३ गिगाबिटचे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) काळानुसार खराब होऊ शकतात, आणि मग दुकानात बोर्ड घेताना बी३ स्टेपिंग (चिपची सुधारलेली आवृत्ती) आहे ना हे बघूनच लोक घ्यायला लागले. अलीकडे १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या कोअर डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता आली, त्यावर ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या, बायोसमधून येणाऱ्या) आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण आधीच खराब झालेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. थोडक्यात, आरएमए करायच्या आधी आपल्या मॉडेलची रिव्हिजन आणि बायोसची आवृत्ती बघणं हे तपासणीचंच काम आहे.

शोधायची पद्धत : बटण दाबल्यावर बायोस स्वतःची जी चाचणी घेतं तिला पोस्ट म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये सगळं ठीक असेल तर एक आखूड बीप यायचा, एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्लेचा घोळ. पुढे अवॉर्ड, एएमआय, फिनिक्स या बायोस बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापले बीप ठरवले, फिनिक्सचे तर गटागटाने यायचे, त्यामुळे बीप ऐकून कुठल्यातरी तक्त्यावरून अर्थ लावणं धोक्याचं, बोर्डाचं स्वतःचं मॅन्युअलच बघावं. १९८४ च्या पीसी एटीपासून बायोस प्रत्येक पायरीचा कोड हेक्स ८० नंबरच्या पोर्टवर लिहायला लागलं आणि तो वाचणारी पोस्ट कार्डं निघाली. महागड्या बोर्डांवरचा दोन आकडी डिस्प्ले त्याच परंपरेतला. साध्या बोर्डांवर आता सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार एलईडी असतात. डीरॅमचा दिवा लागला म्हणजे रॅमच खराब असा अर्थ मात्र होत नाही, तो फक्त चाचणी कुठे अडकली तेवढं सांगतो, आणि कारण प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, सॉकेटची वाकलेली पिन किंवा हीटसिंक वाकडा आवळला जाणं हेही असू शकतं. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा चालू होताना मेमरी ट्रेनिंगला (बोर्ड रॅमशी वेळा जुळवून घेतो त्याला) काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते, ही माहिती नसल्याने कित्येक चांगले बोर्ड बंद समजून काढले जातात.

पुढची पायरी म्हणजे बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवायचा, प्रोसेसर, हीटसिंक, रॅमची एकच पट्टी आणि पॉवर सप्लाय एवढंच जोडायचं, बाकी सगळं काढायचं, बायोस रिसेट करायचं आणि बघायचं. चाललं तर एकेक भाग वाढवत जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की कशामुळे चाललं ते कळतच नाही. भाग अदलाबदल करून बघणं हीच शेवटी सगळ्यात भरवशाची चाचणी, पण दोन ठिकाणी ती महागात पडते : संशय पॉवर सप्लायवर असेल तर त्याला चांगले भाग जोडू नयेत, आणि मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणाऱ्या) पॉवर सप्लायच्या वायरी दुसऱ्या मॉडेलला कधीच लावू नयेत, कारण सप्लायकडच्या टोकाच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक आणि कधी मॉडेलगणिक वेगळा असतो आणि चुकीच्या वायरने डिस्क क्षणात जळतात.

पॉवर सप्लाय : हिरवी वायर काळीला टेकवून पंखा फिरवायची युक्ती सगळ्यांना माहीत असते, पण त्यातून सप्लाय सुरू होतो एवढंच कळतं, लोडवर काय होतं ते नाही. एटीएक्स मानकाच्या ३.० आधीच्या आवृत्त्यांप्रमाणे १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. रिपलची (व्होल्टेजमधल्या बारीक, जलद चढउताराची) मर्यादा १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आहे आणि ती साध्या मल्टिमीटरला दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो.

रॅम : रॅमच्या चुका कशामुळे होतात यावर १९७८-७९ मध्ये इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी दाखवलं की चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कणही बिट उलटवू शकतात. त्यानंतर बराच काळ रॅमची चूक म्हणजे अवकाशातून किंवा वेष्टनातून आलेला योगायोग असंच धरलं जायचं. श्रोडर, पिनेरो आणि वेबर यांचा २००९ चा गूगलच्या सर्व्हरवरचा अभ्यास वेगळं सांगतो, वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत चुका सापडल्या आणि त्यात कायमच्या हार्डवेअर-दोषांचा वाटा मोठा दिसला. ते सर्व्हर होते, तरी मेमटेस्टमध्ये (रॅम तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये) आलेली एकही चूक योगायोग म्हणून सोडू नये असंच यातून घ्यावं. फक्त चाचणी एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम मानकापेक्षा जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली प्रोफाइल) बंद करून, मानक वेगावर करायची, कारण ते प्रोफाइल म्हणजे ओव्हरक्लॉकिंग आहे. प्रोफाइल लावल्यावरच चुका येत असतील तर पट्टीइतकाच संशय प्रोसेसर आणि बोर्डावरही घ्यायला हवा. प्रत्येक पट्टी एकाच स्लॉटमध्ये, मग एकच पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये, असं केलं की दोष पट्टीचा का स्लॉटचा ते सुटतं.

ग्राफिक्स कार्ड : ऑक्टोबर २०२२ पासून आरटीएक्स ४०९० चे सोळा पिनांचे कनेक्टर वितळल्याच्या घटना आल्या, कनेक्टर पूर्ण न बसणं हे मुख्य कारण सांगितलं गेलं, नंतर सेन्स पिना (कनेक्टर नीट बसला का हे ओळखणाऱ्या) आखूड केलेला १२व्ही-२x६ कनेक्टर आला.

परत पाठवणं : विक्रेत्याची बदलून द्यायची मुदत आणि कंपनीची वॉरंटी या वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीत नवीन भाग मिळतो, दुसरीत बऱ्याचदा दुरुस्त केलेला. सॉकेटच्या पिना वाकलेल्या असल्या की दावा नाकारला जातो, म्हणून प्रोसेसर बसवायच्या आधीच सॉकेटचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा आणि सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेवावं, बोर्ड परत पाठवताना काही कंपन्या ते लावल्याशिवाय घेत नाहीत. दोषाचं वर्णन लिहिताना 'चालत नाही' एवढंच न लिहिता कुठला दिवा अडकला, कुठल्या दुसऱ्या भागांबरोबर करून बघितलं, मेमटेस्ट कितव्या पासला पडला हे लिहावं, नाहीतर टेबलावर पाच मिनिटं चालवून 'दोष आढळला नाही' म्हणून तोच भाग परत येतो. डिस्क किंवा एसएसडी पाठवायची असेल तर बंद पडल्यावर ती पुसता येतेच असं नाही, त्यामुळे एन्क्रिप्शन बसवतानाच चालू करावं.