ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सारखा अडकतोय? खोलायला देण्याआधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लज भागातल्या आमच्या ग्राहकांसाठी

जुनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन येणारे बहुतेक जण दारातच विचारतात, "गिअरबॉक्स गेलाय म्हणतात, खर्च किती येईल?" आम्ही त्यांना आधी बसवतो आणि गाडी नेमकी कधी, कुठे, कशी अडकते ते विचारतो. कारण या कामात गिअरबॉक्स उतरवणं सर्वांत शेवटी येतं. पुष्कळदा तिथवर जायची वेळच येत नाही. दोन-दोन ठिकाणी पैसे मोजूनही तोच बिघाड घेऊन माणसं आमच्याकडे येतात, तेव्हा आम्हाला वाईट वाटतं. म्हणून हे पत्रक.

यात लिहिलंय ते मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या) ४ आणि ५ गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं. सीव्हीटीत गिअरऐवजी पट्टा असतो. त्या दोन्हींची तपासणी वेगळी, त्यांच्याबद्दल गॅरेजवर येऊन विचारा.

गाडी अडकते म्हणजे काय होतं

गिअर बदलायचं काम तेलाच्या दाबावर चालतं. कुठल्या वाटेने तेल सोडायचं हे सोलेनॉइड नावाचे छोटे विजेचे व्हॉल्व्ह ठरवतात, आणि त्यांना हुकूम देतो गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर. एखाद्या सोलेनॉइडची वायर तुटली, शॉर्ट झाली किंवा सेन्सरचा सिग्नल गेला, की कॉम्प्युटर धोका पत्करत नाही. तो सोलेनॉइडची वीज तोडतो. मग गिअरबॉक्स एकाच गिअरवर राहतो, ४ गिअरच्या पुष्कळ गाड्यांत तो तिसरा असतो. गाडी जागेवरून उठताना जड लागते, चढाला दम लागल्यासारखी करते, सपाटीला मात्र चालते. रिव्हर्सही पडतो. डॅशबोर्डवर ओडी (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वांत वरचा गिअर) ऑफचा किंवा इंजिनचा दिवा लागतो किंवा लुकलुकतो.

याला घाबरू नका. गिअरबॉक्स जळू नये आणि तुम्ही रस्त्यात अडकू नये म्हणून कंपनीनेच ही सोय केलेली असते. चावी बंद करून पुन्हा चालू केली की कॉम्प्युटर नव्याने तपासतो, त्या क्षणी सगळं ठीक दिसलं तर गाडी पुन्हा नीट पळते. आणि माणसाला वाटतं, आपोआप बरी झाली.

चावी फिरवल्यावर बरी होते, की थंड झाल्यावर?

आम्ही सगळ्यांना हा प्रश्न विचारतो. याचं उत्तर घेऊन आलात तर अर्धं निदान तिथेच होतं.

चावी बंद-चालू केल्यावर लगेच नीट होत असेल, तर दोष बहुधा विजेकडचा: वायर, कनेक्टर, सेन्सर, सोलेनॉइड, बॅटरी किंवा अर्थिंग. गिअरबॉक्सच्या आतली झिजलेली क्लच प्लेट चावी फिरवल्याने बरी होत नाही.

चावी फिरवून काही फरक पडत नाही, पण अर्धा-पाऊण तास उभी राहिल्यावर नीट चालते, तर संशय तेलाकडे आणि दाबाकडे जातो. गरम झालं की तेल पातळ होतं, आणि कडक झालेल्या सीलमधून किंवा झिजलेल्या व्हॉल्व्हमधून निसटतं. दाब पडतो, क्लच घसरतो. इंजिन रेस होतं पण गाडी उचलत नाही. गरम झाल्यावरच तुटणारी सोलेनॉइडची कॉइल हा एक मधला प्रकार आहे, तिथे दोन्ही लक्षणं मिसळतात. ते मीटर लावूनच कळतं.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बिघाड पावसात जास्त येतो का? फक्त चढाला येतो का? शक्य असेल तर डॅशबोर्डचा व्हिडिओ काढून आणा. आणि आमच्याकडे येण्याआधी कुणाच्या सांगण्यावरून बॅटरीची केबल काढू नका. कॉम्प्युटरने साठवलेले बिघाडाचे कोड पुसले गेले तर आम्हाला शून्यापासून शोधावं लागतं.

चोर्ल्याच्या चढाला अडकणारी गाडी

सारखा येणारा बिघाड कसा फसवतो हे एका गाडीवरून सांगतो. ४ गिअरची जुनी सेदान, मालक खानापूरकडचे, महिन्यातून एखाद-दुसरी गोव्याची फेरी. साखळीहून परत येताना चोर्ला घाट चढू लागले की गाडी तिसऱ्या गिअरला धरून बसायची. वर येऊन चावी फिरवली की ठीक. दुसऱ्या एका ठिकाणी स्कॅनर लावला, शिफ्ट सोलेनॉइडच्या सर्किटचा कोड आला, म्हणून सोलेनॉइड बदलला, तेलही बदललं. उन्हाळाभर गाडी गावातच फिरली. पावसाळ्यात पुन्हा घाट, पुन्हा तेच. आता गिअरबॉक्सच बदला, असा सल्ला मिळाल्यावर ते आमच्याकडे आले.

आम्ही सोलेनॉइड मोजला, सुमारे १३ ओहम, म्हणजे ठणठणीत. गाडी तापवून पुन्हा मोजला, आकडा थोडा वाढला, तापल्यावर तो वाढतोच. मग मीटर गिअरबॉक्सजवळ न लावता कॉम्प्युटरच्या टोकाला लावला, म्हणजे मधली सगळी वायर मोजणीत येते. एकाने पहारीने इंजिन हळूच मागे रेटलं, आणि मीटरवरचा आकडा नाहीसा झाला. सोडलं, पुन्हा १३.

बॅटरीच्या ट्रेखालून जाणारी वायरिंग तिथल्या पत्र्याच्या कडेला घासत होती. वरचं आवरण सोललेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं, दोन-चार तारांवर जोड टिकून होता. मागचं इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा रबराचा आधार, फाटलं होतं. चढाला जोर लावला की इंजिन मागे कलायचं, वायर ताणली जायची, सर्किट तुटायचं. सपाटीला ताण नाही, म्हणून बिघाडही नाही. उष्णतेचा संबंधच नव्हता. नवा सोलेनॉइड टाकून काय होणार? वायरचा तो तुकडा बदलला, स्लीव्ह घातली, क्लिप लावून पत्र्यापासून लांब बांधली, माउंटिंग नवं टाकलं. गिअरबॉक्सचा एक बोल्टही खोलला नाही.

कोडमध्ये सोलेनॉइडचं नाव आलं म्हणून सोलेनॉइडच खराब, असं नसतं. कोड त्या सर्किटचा असतो, आणि सर्किटमध्ये वायर, पिना, अर्थिंग, कॉम्प्युटर सगळं येतं. पी-०७०० हा कोड तर नुसता निरोप आहे: गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी नोंद आहे, तिकडे बघा. कुणी फक्त तेवढ्या कोडवर हजारोंचं एस्टिमेट देत असेल तर थांबा. आणि नुसता कोड पुसून गाडी परत देणं ही दुरुस्ती नव्हे.

आपल्या भागात वायरिंगला त्रास जास्त होतो. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात कनेक्टरमध्ये ओल शिरते. गावाकडे गाडी उसाच्या फडाजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी उभी असते, तिथे उंदीर वायरी कुरतडतात. वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून जोराचं पाणी मारून घेऊ नका. गिअरबॉक्सच्या अंगाला जो रेंज स्विच असतो, म्हणजे तुम्ही पी, आर, एन की डी टाकलंय हे कॉम्प्युटरला सांगणारा, त्यात पाणी गेलं की गाडी भलतेच चाळे करते.

तेलाबद्दल

ऑटोमॅटिकचं तेल हे साधं गिअर ऑइल नव्हे. तेच दाब देतं, तेच थंड करतं, आणि क्लच किती पकडायचा हेही त्याच्या गुणावर ठरतं. म्हणून तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच. होंडाचं वेगळं, टोयोटाचं वेगळं, ह्युंदाईचं वेगळं, सीव्हीटीचं तर पूर्ण वेगळं. दुकानदार म्हणाला "सगळ्याला चालतं", तरी डबा उलटा करून आपल्या गाडीचं नाव आहे का ते बघा.

गिअरबॉक्सला डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) असेल तर पातळी सपाट जागेवर, तेल गरम असताना बघायची. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, होंडाच्या जुन्या गाड्यांत इंजिन बंद केल्या-केल्या, दीड मिनिटाच्या आत. स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर एक थेंब घ्या. लालसर असेल तर छान. तपकिरी असेल तर बदलायची वेळ झाली. काळं आणि करपल्याचा वास येत असेल तर आत क्लच जळतोय. गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी जागेवरून हलवू नका, रेडिएटरमधलं पाणी तेलात मिसळलंय. जास्त तेलही वाईट, ते फेसाळतं आणि दाब जातो.

खालचा बोल्ट काढून तेल सोडलं तरी सगळं निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून आम्ही मध्ये थोडी गाडी चालवून दोन-तीनदा बदलतो. मशीनने जोरात फ्लश करत नाही, जुन्या गिअरबॉक्समधला गाळ उठून व्हॉल्व्हमध्ये अडकण्याची भीती असते. आणि खरं ते सांगतो: क्लच आधीच घसरत असेल तर नव्या तेलाने तो बरा होत नाही. तसं असेल तर तेलाचे पैसे आम्ही घेणार नाही, आधीच सांगू.

गिअरबॉक्सवर नाहक आळ येतो तेव्हा

डी किंवा आर टाकताना धप्प आवाज येतो? आधी इंजिन माउंटिंग बघा. गिअर उशिरा आणि झटका मारून बदलतो? थ्रॉटलचा सेन्सर किंवा केबल. ६० च्या वेगाला गाडी थरथरते? स्पार्क प्लग किंवा कॉइलचं मिसिंगही अगदी तसंच जाणवतं. पी मधून लिव्हर निघतच नाही? मागचे ब्रेक लाइट लागतात का बघा, ब्रेकचा स्विच गेला की लिव्हर लॉक राहतो. बॅटरी म्हातारी झाली असेल, तर बाकी काही करण्याआधी तीच तपासून घ्या.

खोलावंच लागतं तेव्हा

काळं करपलेलं तेल, गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमध्ये क्लचचा चुरा किंवा धातूचे तुकडे, गेजने दाब मोजल्यावर कमी, आणि गिअर घसरतोय. हे जुळलं की मग आम्ही उतरवायला सांगतो. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी मऊ चिखल असतो, तो नेहमीचाच, त्याला कुणी तुकडे म्हणून दाखवत असेल तर बोटांत चोळून बघा. खोललेले जुने सुटे भाग आम्ही तुम्हाला पिशवीत परत देतो. व्हॉल्व्ह बॉडी (तेलाच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेला ठोकळा) मात्र कुठल्याही मशिन शॉपला पाठवत नाही. आपल्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम एक नंबर होतं, पण तिच्यातल्या व्हॉल्व्हच्या भोकांना हाताने पॉलिश मारलं की तेल निसटायची वाट आणखी रुंद होते.

तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो आणि ते आधी सांगतो. काहींना ते खटकतं. पण वायर शोधायला लागणारा वेळ हेच खरं काम आहे. तपासणीत काय मोजलं, आकडे काय आले, हे कागदावर लिहून देतो. पुढचं काम तुम्ही दुसरीकडे केलंत तरी तो कागद तुमचाच.

घाटात आणि वाटेत

चोर्ला, आंबोली, अनमोड चढताना ओडी बंद ठेवा. नाहीतर तिसऱ्या-चौथ्यात सारखी अदलाबदल होऊन तेल तापतं. उतरताना २ किंवा एल वापरा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉलीमागे निपाणी-चिकोडी रस्त्याला तास-तास रांगत जावं लागतं, तेव्हा मध्ये एखादा थांबा घ्या. रेडिएटरची जाळी लाल मातीने बुजलेली नाही ना, हे पावसाळ्यानंतर बघून घ्या. गिअरबॉक्सचं तेल बहुतेक गाड्यांत त्याच रेडिएटरमध्ये थंड होतं.

गाडी वाटेत अडकली तर बाजूला घ्या, चावी बंद करून थोडं थांबा, पुन्हा चालू करा. एकाच गिअरवर राहिली तरी हळूहळू जवळच्या गावापर्यंत येता येतं. पण रेस होऊन पुढे सरकतच नसेल तर ताणू नका. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही. दोरी बांधून, इंजिनवर चालणारी चाकं (बहुतेक गाड्यांत पुढची) रस्त्यावर फिरवत ओढत आणू नका. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. सपाट ट्रकवरच चढवा, किंवा निदान ती चाकं उचलून आणा. क्रेनवाल्याला फोनवरच सांगा, "गाडी ऑटोमॅटिक आहे."