उकळलेली मेथी आणि हृदयाची झडप

डायलिसिस सुरू झालं की घरातली भाजी करायची रीतच बदलते. मेथी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते हिरवं पाणी मोरीत ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम निघून जातं. हा खटाटोप नको म्हणून कित्येक घरांत पालेभाजी आणणंच बंद होतं. फॉस्फरसच्या धास्तीनं चीजही जातं. नेमकं यांतूनच ‘के’ जीवनसत्त्व मिळत असतं.

त्याचं हृदयाशी काय नातं? महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडते-मिटते. तिच्या पाकळ्या अगदी पातळ असतात. मूत्रपिंडं निकामी झाली की रक्तात फॉस्फेट साचतं. मग पाकळ्यांतल्या काही पेशी हाडांच्या पेशींसारख्या वागायला लागतात आणि तिथे कॅल्शियमचे थर चढतात. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करताना अशी पाकळी पडद्यावर पांढरीशुभ्र चकाकते आणि जेमतेम हलते.

हे थर रोखणारा राखणदार शरीरातच असतो, ‘मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन’. पण ‘के’ मिळाल्याशिवाय तो कामाला लागत नाही. हे प्रथिन मुळातच तयार होऊ न शकणाऱ्या उंदरांवरचा प्रयोग 1997 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या धमन्यांत इतकं कॅल्शियम साचलं, की दोन महिन्यांच्या आत रक्तवाहिन्या फुटून ते मेले. डायलिसिसच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन निष्क्रिय रूपात भरपूर सापडतं. राखणदार आहे, पण निजलेला!

मग ‘के’च्या गोळ्या द्याव्यात? त्यांनी निष्क्रिय प्रथिन कमी होतं. पण झडपेवरचे थर थांबतात असं चाचण्यांतून अजून सिद्ध झालेलं नाही, म्हणून गोळ्यांच्या जाहिरातींना भुलू नये. ‘डी’ जीवनसत्त्वाचं गणितही नाजूक आहे: कमी पडलं तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी खवळून हाडं पोखरली जातात, औषध जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

पालेभाजी सरसकट बंद करणं मात्र मला पटत नाही. उकळलेल्या पाण्याबरोबर ‘सी’ आणि फॉलिक अ‍ॅसिड जातं, ‘के’ नाही. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पिळून काढलेल्या मेथीतही बरंचसं टिकतं. आठवड्यातून किती वाट्या चालतील, हे आपला पोटॅशियमचा रिपोर्ट दाखवून आहारतज्ज्ञांना विचारा. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं वॉरफरिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण ते औषध ‘के’चंच काम अडवतं, पालेभाजी एकदम वाढवली की त्याचा डोस चुकतो.