बर्स्ट मर्यादा

बर्स्ट मर्यादा : नेटवर्कमधील वाहतुकीचा सरासरी वेग ठरावीक पातळीवर राखताना, त्या वेगाच्या वर जाऊन एका दमात किती माहिती सोडायची हे ठरवणारी मर्यादा. ती बहुधा बाइटमध्ये देतात; काही राउटरांत मात्र वेग, उंबरठा आणि काळ या तीन आकड्यांतून ती आडवाटेने ठरते. तालुक्याच्या गावी केबलचालकाकडून घेतलेल्या २० एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) जोडणीवर स्पीड टेस्ट सुरू होताच काटा ४० वर जातो आणि काही सेकंदांत २० वर बसतो, तो याच मर्यादेमुळे. तो बिघाड नव्हे.

तत्त्व : टोकन बकेट या प्रचलित रीतीत ठरलेल्या दराने टोकन (माहिती सोडण्याचे परवाने) एका बकेटमध्ये जमा होतात आणि प्रत्येक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) आपल्या आकाराइतके टोकन खर्चून पुढे जाते. बकेट भरली की नवे टोकन वाया जातात. बकेटचा आकार म्हणजेच बर्स्ट. कोणत्याही कालावधीत बाहेर पडणारी माहिती ‘बकेटचा आकार अधिक दर गुणिले काळ’ याहून जास्त असू शकत नाही. दर २० एमबीपीएस, बकेट २५० किलोबाइट (२० लाख बिट) आणि तारेचा वेग १०० एमबीपीएस असेल, तर पूर्ण वेगाची धाव २५ मिलिसेकंद टिकते, कारण बकेट सेकंदाला १०० उणे २० या फरकाने रिकामी होते. टोकन संपल्यावर पॅकेट रांगेत थांबवले तर त्याला शेपिंग म्हणतात, टाकून दिले तर पोलिसिंग.

उगम : या रीतीचा उगम सहसा जोनाथन टर्नर यांच्या १९८६ मधील लेखात शोधतात. त्यांनी मांडलेल्या लीकी बकेटमध्ये प्रत्येक वापरकर्त्यामागे एक गणक असतो. पॅकेट पाठवले की तो वाढतो, ठरावीक वेळाने घटतो, आणि मर्यादेपलीकडे गेला तर पॅकेट टाकले जाते. पाठ्यपुस्तकांत पुढे लीकी बकेट या नावाखाली वेगळेच यंत्र रूढ झाले : ठरावीक वेगाने गळणारी रांग. या दुसऱ्या रूपात बर्स्टला जागाच नाही, बाहेर पडणारा प्रवाह कायम सपाट. त्यामुळे ‘लीकी बकेट बर्स्ट दाबते, टोकन बकेट बर्स्ट देते’ असा भेद शिकवला जातो. तो रांगरूपापुरता खरा आहे. टर्नर यांचे गणकरूप घेतले तर तो टिकत नाही : एकीत पाणी, म्हणजे गणक, वर चढते, दुसरीत टोकन खाली उतरतात, आणि कोणते पॅकेट नियमात बसते याचा निर्णय दोन्हींत एकच येतो. एटीएम (माहिती समान आकाराच्या पेशींत पाठवणारे दूरसंचार तंत्र) जाळ्यांसाठीच्या आय.३७१ या आंतरराष्ट्रीय शिफारशीतला पेशीदर तपासण्याचा अल्गोरिदमही दोन रूपांत दिला आहे आणि ती दोन्ही समतुल्य मानली आहेत. म्हणून दोन्ही बकेटींना एकाच कल्पनेच्या दोन बाजू मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. टोकन बकेट ही संज्ञा नव्वदच्या दशकाच्या आरंभी रुळलेली असावी. सप्टेंबर १९९२ च्या आरएफसी १३६३ या इंटरनेटविषयक दस्तऐवजात तिचा दर आणि आकार अशी दोन स्वतंत्र क्षेत्रे आढळतात. आर. एल. क्रूझ यांनी १९९१ मध्ये ‘बर्स्ट अधिक दर’ याच जोडीवर विलंबाचे गणित उभे केले. व्यवहारात हे गणित अनेकदा दुर्लक्षित राहते, पण बर्स्ट वाढवला की पुढच्या दुव्यावरच्या रांगेची कमाल लांबीही तितकीच वाढते, हे सांगणारे तेच आहे.

आकड्यांचा अर्थ : खरा घोटाळा इथे होतो. लिनक्समधील टीबीएफ (टोकन बकेट फिल्टर) या नियामकामध्ये बर्स्ट बाइटमध्ये असतो आणि त्याची किमान पातळी घड्याळाच्या ठोक्यावरून आली. कर्नल (लिनक्सचा गाभा) सेकंदाला १०० वेळाच जागा होत असेल, तर १० एमबीपीएसचा दर गाठायला दर ठोक्याला किमान १२,५०० बाइट सोडावेच लागतात. बर्स्ट त्याहून कमी ठेवला की दर गाठलाच जात नाही, आणि ग्राहकाची ‘पूर्ण स्पीड मिळत नाही’ ही तक्रार खरी ठरते. सूक्ष्म टायमर आल्यावर ही अडचण बरीच ओसरली, तरी बकेट सर्वांत मोठ्या पॅकेटहून लहान नको हा नियम कायम आहे. सिस्को या राउटर-कंपनीच्या जुन्या पोलिसिंग पद्धतीत शिफारस अगदी दुसऱ्या टोकाची होती : दीड सेकंदात त्या दराने जाईल इतका बर्स्ट. २० एमबीपीएससाठी ठोक्याच्या हिशेबाने २५ किलोबाइट येतात, दीड सेकंदाच्या हिशेबाने ३,७५० किलोबाइट, म्हणजे दीडशेपट. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिला यंत्राला दर गाठता यावा म्हणून आहे. दुसरा पोलिसिंगमध्ये पॅकेट गळून टीसीपीचा (पॅकेट गळले की आपला वेग कमी करणारा इंटरनेटचा संकेत) वेग कोसळू नये म्हणून आहे, कारण तिथे थांबायला रांग नसते. एकीकडचा आकडा उचलून दुसरीकडे घालणे हीच सर्वांत सर्रास दिसणारी चूक.

लहान सेवादात्यांत लोकप्रिय असलेल्या मायक्रोटिक राउटरांत बर्स्ट-लिमिट, बर्स्ट-थ्रेशोल्ड आणि बर्स्ट-टाइम अशी तीन घरे भरायची असतात. बर्स्ट-टाइम म्हणजे बर्स्ट टिकण्याचा काळ, असे नावावरून वाटते. प्रत्यक्षात तो सरासरी काढण्याचा काळ आहे. राउटर त्याचे १६ भाग करून सरासरी मोजत राहतो. ती उंबरठ्याखाली आहे तोवर वरचा वेग मिळतो. आधी जोडणी रिकामी असेल तर धाव टिकण्याचा काळ ‘उंबरठा गुणिले बर्स्ट-टाइम भागिले बर्स्ट-लिमिट’ इतका येतो. नेहमीची मर्यादा २०, बर्स्ट-लिमिट ४०, उंबरठा १५ आणि काळ १६ सेकंद दिल्यास धाव ६ सेकंदांची होते, १६ ची नव्हे. उंबरठा नेहमीच्या मर्यादेच्या वर, समजा २५ ठेवला, तर सलग डाउनलोड चालू असतानाही सरासरी पुन्हा उंबरठ्याखाली उतरते आणि वेग २० व ४० मध्ये झोके घेत राहतो. याच राउटरांत बकेट-साइज हे निराळे घरही आहे. त्याचे मूळ मूल्य ०.१ असल्याने २० एमबीपीएसला २५० किलोबाइटची बकेट आपोआप मिळते. म्हणजे एकाच रांगेवर दोन प्रकारचे बर्स्ट एकावर एक बसलेले असतात.

विलंब : टोकन संपल्यावर पॅकेट ज्या बफरमध्ये थांबतात त्याचा आकार बर्स्टइतकाच महत्त्वाचा आहे. २ एमबीपीएसच्या अपलोडपुढे २५६ किलोबाइटचा बफर भरला, तर शेवटच्या पॅकेटला सुमारे एक सेकंद थांबावे लागते. याउलट जळगाव ते मुंबई अंतर सुमारे ४०० किमी धरले आणि फायबरमधला प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किमी जातो हे लक्षात घेतले, तर जाण्यायेण्याचा किमान वेळ ४ मिलिसेकंद येतो. विलंबाच्या तक्रारीवर ‘सर्व्हर लांब आहे’ हे उत्तर ऐकणाऱ्या ग्राहकाला हा हिशेब सांगितला पाहिजे. बफरमधल्या विलंबावर २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी मांडलेली कोडेल ही रीत उपयोगी पडते. ती रांगेची लांबी न मोजता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते पाहते.

खान्देशातील वापर : भुसावळ, जळगाव, धुळे या शहरांत फायबर पोचल्याने बर्स्टचा वापर मुख्यतः पॅकेज चपळ भासावे यासाठी होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि अक्कलकुवा, अक्राणी या डोंगराळ तालुक्यांत शेवटचा टप्पा रेडिओ दुव्याचा असेल तर चित्र बदलते. रेडिओची क्षमता सिग्नलनुसार कमीजास्त होते, राउटरमधला आकडा मात्र तोच राहतो. क्षमता आकड्याखाली गेली की रांग राउटरमधून रेडिओत सरकते आणि नियमनच निकामी होते. वीज गेल्यावर आणखी एक प्रश्न येतो. फीडर सुरू होताच सगळ्या घरांतले राउटर एकदम चालू होतात आणि मधल्या काळात सगळ्यांच्या बकेटी भरलेल्या असतात. ५० ग्राहकांना प्रत्येकी ४० ची मुभा असेल तर २०० एमबीपीएसच्या दुव्यावर त्या क्षणी २,००० ची मागणी येऊ शकते. अशा ठिकाणी वरच्या सामायिक रांगेला दुव्याच्या खऱ्या क्षमतेहून थोडी कमी मर्यादा घालून बर्स्ट फक्त खालच्या, म्हणजे एकेका ग्राहकाच्या, पातळीवर द्यावा.

अपलोडचा बर्स्ट मात्र अनेकदा शून्य ठेवला जातो, हे योग्य नाही. २०२१ च्या खरिपापासून राज्यभर ई-पीक पाहणी फोनवरून होते. शेतात रेंज नसली की पिकाचा फोटो घरच्या किंवा गावातल्या वायफायवरून पाठवतात. ३ मेगाबाइटच्या फोटोला २ एमबीपीएसने १२ सेकंद लागतात. बर्स्ट-लिमिट ८, उंबरठा १.५ व काळ १६ सेकंद दिल्यास धाव ३ सेकंदांची होते आणि तेवढ्यात तो पूर्ण जातो.